खुशालीतला ख

अण्णांचा ख फुटका होता. र एकीकडे पडायचा, व दुसरीकडे, आणि मधून मुंगी आरामात निघून जाईल एवढी फट. त्यामुळे त्यांच्या पत्रातलं ‘खुशाल’ हे ‘रवुशाल’ असं वाचावं लागे. घरात यावरून थट्टा चालायची. ‘काय, कसं काय?’ असं कुणी विचारलं की थोरले चुलते ‘रवुशाल!’ असं ठोकून द्यायचे आणि विचारणारा गोंधळून पुढे जायचा. शाळेत मास्तरांनी छडीनं आणि पुढे फौजेत उस्तादांनी शिव्यांनी अण्णांचं बरंच काही सरळ केलं, पण ख काही सरळ झाला नाही.

आत्याच्या पोथीत एक कागदाचा तुकडा आहे, बोटभर रुंदीचा, पिवळा पडलेला. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा भाग. ज्यांनी मनीऑर्डर पाहिलेलीच नाही अशा वाचकांसाठी सांगतो: त्या फॉर्मला खाली चार ओळी मावतील एवढी जागा असे, मजकुरासाठी. पोस्टमन दारात बसून नोटा मोजायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवायचा. पैसे खर्च होत, तुकडा राही. आत्याच्या तुकड्यावर लिहिलंय: ‘ती. आक्कास भाऊबीजेची ओवाळणी रु. 11. मी खुशाल आहे. सुट्टी बंद. काळजी नसावी.’ साल 1965. आणि त्यातला ख एकसंध, गोल, कुठेही फट नसलेला.

त्या सालची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. पाकिस्तानशी युद्ध म्हणाल तर संपलं होतं. 23 सप्टेंबरच्या पहाटे तोफा थांबल्या होत्या. पण थांबल्या म्हणजे एवढंच, की जो जिथे होता तो तिथेच बसून राहिला. आपली माणसं सियालकोट आणि लाहोरच्या बाजूला पलीकडच्या शेतांत खंदक खणून, समोर त्यांची माणसं. ताश्कंदचा करार जानेवारीत व्हायचा होता, आणि फौजा मागे यायला फेब्रुवारी उजाडला. या मधल्या पाच महिन्यांना इतिहासाच्या पुस्तकात फार तर दोन ओळी मिळतात. घरात बसलेल्यांना मात्र तेच लांबलचक गेले. लढाई चालू असताना निदान रेडिओ काहीतरी सांगत होता.

अण्णा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. रसद, पेट्रोल, दारूगोळा, जे भरतील ते घेऊन रात्रीचं जायचं, दिवे न लावता. ‘आम्ही कसले शूर, आम्ही हमाल,’ असं ते स्वतःच म्हणत. आमच्याकडे, कोरेगाव तालुक्यात, घराआड एक माणूस फौजेत, त्यामुळे शौर्याच्या गोष्टींना तोटा नव्हता. अण्णांच्या गोष्टींत मात्र गिअर, चिखल आणि पंक्चर यांखेरीज काही नसे.

पत्राच्या डोक्यावर आपण गावाचं नाव घालतो. अण्णांच्या पत्रावर ‘56 एपीओ’ एवढंच. नेमका ठावठिकाणा लिहायची मुभा नव्हती. ही आकड्यांची व्यवस्था त्यासाठीच आहे. तुम्ही एका आकड्यावर पत्र टाकायचं, पलटण कुठे आहे ते डाकवाल्यांनी शोधायचं. आजीला मात्र छप्पन हे एखादं गावच वाटायचं, पंजाबातलं. ‘छप्पनला पाऊस आहे का रे?’ असं तिनं एकदा पत्रात घालायला लावलं होतं. उत्तर आलं, ‘छप्पनला पाऊस बरा आहे.’ तिच्या समजुतीला अण्णांनी कधी धक्का लावला नाही.

फौजेची डाक तेव्हा स्वतंत्र नव्हती, सर्व्हिस कोअरचाच एक भाग होती. ‘डाकवाले आमच्यातलेच,’ असं अण्णा जरा तोऱ्यात सांगत. पुढे 1 मार्च 1972 ला डाकेचा वेगळा कोअर झाला. त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे आणि त्यांच्या चिन्हावर उडता हंस आहे, नल-दमयंतीचा निरोप्या. शाळेत रघुनाथ पंडितांचा हंस घोकलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. तो हंस निदान ज्याचा निरोप त्याचं नाव-गाव धडधडीत सांगून मोकळा झाला होता. कामठीच्या हंसाला तेवढंही सांगायची सोय नाही.

तर भाऊबीज. आत्याच्या सासरी दरवर्षी अण्णा जायचे, निदान सुट्टी जमली तर. त्या वर्षी नाहीच. भाऊ आला नाही तर चंद्राला ओवाळायचं ही आपल्याकडची जुनी सोय आहे. चंद्र हा सगळ्या बायकांचा भाऊ, म्हणून तर तो सगळ्या पोरांचा मामा. ऐकायला हे फार गोड वाटतं, करायला घाईचं काम आहे. द्वितीयेची कोर ती, नखाएवढी, सूर्य बुडाला की त्याच्या मागोमाग निघालेली. आत्याच्या सासरी पश्चिमेला डोंगर. दूध काढायचं, सासूबाईंना चहा द्यायचा, चूल पेटवायची आणि एवढ्यात कोर डोंगराला टेकलीसुद्धा. आत्या सांगते, ‘निरांजन घेऊन परड्यात पळाले तर वाऱ्यानं विझलं. परत लावून आणेपर्यंत अर्धी कोर गेली होती. अर्ध्यालाच ओवाळलं.’ हे अर्धं राहिल्याचं तिच्या मनात बसलं. तिसऱ्या आठवड्यात, त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेल्यावर, मनीऑर्डर आली तेव्हा ते वर आलं.

पोस्टमननं मजकूर वाचून दाखवला. सगळं घर खूश. सासरे म्हणाले, लढाईतनं सुद्धा भावानं आठवण ठेवली. दीर म्हणाला, अकरा रुपये, वा! त्या वर्षी पाऊस गेला होता, शास्त्रीजींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्री घरोघर चुली पेटत नव्हत्या, साखर रेशनवर. अकरा रुपयांना किंमत होती. आत्या चौथी पास. ती तुकडा घेऊन आत गेली, उजेडाला धरून तिनं तो पाहिला आणि तिच्या पोटात गोळा आला. अक्षर भावाचं नव्हतं.

मी या गोष्टीचा विचार करतो तेव्हा मला त्या घरातल्या दोन वाचनांचं नवल वाटतं. ओसरीवर जे वाचलं गेलं त्यात सगळं ठीक होतं: ओवाळणी, खुशाली, सुट्टी बंद. आत उजेडाला धरून जे वाचलं गेलं त्यात यातला एकही शब्द नव्हता.

सैनिकाची सणाची शुभेच्छा ही मुळात बोलायची चीजच नाही. कुठे आहे ते सांगायचं नाही, काय करतो ते सांगायचं नाही. समोरच्या खंदकात कोण आहे ते सांगायचं नाही, आणि आतून काय वाटतं ते आईला सांगायचं नाही. राहिलं काय? आपल्या जुन्या मायन्यानं ही अडचण फार आधीच सोडवून ठेवली होती. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवत जावी, लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार, कळावे. शाळेत आम्ही या मायन्याची टिंगल करायचो. पण ज्याला काहीच लिहिता येत नाही त्याला पानभर लिहायला देणारी अशी दुसरी युक्ती मला माहीत नाही. पानभर लिहूनही कसलंच गुपित फुटत नाही, आणि नाव घ्यायचं कुणी राहत नाही.

पहिल्या महायुद्धात सरकारनं हीच गोष्ट यंत्रावर केली. ब्रिटिश फौजेत ‘फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड’ निघालं. त्यावर वाक्यं छापलेली: मी अगदी बरा आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुझं पत्र, तार, पार्सल मिळालं, सवडीनं सविस्तर पत्र पाठवतो, बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. नको असलेली खोडायची. खाली सही आणि तारीख. यापलीकडे एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल अशी तंबीही वर छापलेली. एका मित्राच्या संग्रहात असं एक कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. ‘अगदी बरा आहे’ सोडून सगळं खोडलेलं. पण खोडायच्या रेघा! पहिल्या दोन पट्टीनं ओढाव्यात तशा सरळ, आणि शेवटची, ‘बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही’ या वाक्यावरची, अर्ध्यात सोडून दिलेली. खोडायचं होतं की नव्हतं? लिहिणाऱ्यालाच ठरवता आलं नसावं. सरकारनं माणसाचं अक्षर काढून घेतलं तर तो रेघेतून बोलायला लागला.

त्याच युद्धात, 1914 च्या शरदात, हिंदी फौज फ्रान्सला उतरली. तिच्या पत्रांवर नजर ठेवायला कॅप्टन हॉवेल नावाचा सेन्सॉर अधिकारी नेमला होता. 1915 च्या वसंतापर्यंत दर आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं हिंदी शिपाई लिहीत होते. ‘लिहीत होते’ म्हणायचं एवढंच. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीत जो कुणी साक्षर असेल त्याला गाठायचं आणि सांगायचं. गावी पत्र पोचलं की तिथेही वाचणारा कुणीतरी शोधायचा. म्हणजे मधे दोन परके आणि एक सेन्सॉर. यातूनही माणसं आपलं म्हणणं पोचवत. काळी मिरी आणि तांबडी मिरची हा त्यातला प्रसिद्ध प्रकार: काळी म्हणजे आपण, तांबडी म्हणजे गोरे, आणि कुठली किती संपत आली आहे ते कळवायचं. सेन्सॉरच्या ते लवकरच ध्यानात आलं. मिरचीच्या बाजारभावावर इतकी कळकळीची पत्रं कोण लिहितो?

पण मला प्रश्न पडतो तो वेगळा. अक्षर परक्याचं, शब्द मायन्याचे, वाचणाराही परका. मग हे आपल्याच माणसाचं पत्र, हे आईला कशावरून कळायचं? मला वाटतं, क्रमावरून. कुणाला आधी नमस्कार, कुणाला मागाहून, बैलाची चौकशी कुठे येते, कुणाचं नाव मुद्दाम गाळलंय. लेखनिक हे बदलू शकत नाही. प्रत्येकाचा नमस्कार घालायचा क्रम हा त्याच्या चालीसारखा असतो, लांबून ओळखू येतो.

त्या पहिल्याच नाताळात राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना पितळी डबी भेट मिळाली. गोऱ्यांना तंबाखू आणि सिगारेट, बऱ्याच हिंदी शिपायांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी, सोबत शुभेच्छापत्र. घरून येणाऱ्या शुभेच्छेचा हा सरकारी अवतार. गंमत अशी, की कित्येकांनी ती डबी रिकामी करून, काहींनी तर न उघडताच, घरी पाठवून दिली. आलेली शुभेच्छा तशीच परत. मला हे फार कळतं. खंदकातल्या माणसाजवळ पाठवायला दुसरं होतं काय?

आणि ज्यांना काहीच पाठवता आलं नाही ते? मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला तो 7 डिसेंबर 1915 ला, शरणागती झाली ती 29 एप्रिल 1916 ला. आत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी. रत्नागिरीची माणसं, साताऱ्याची माणसं. त्या पाच महिन्यांत संक्रांत येऊन गेली, शिमगा येऊन गेला. कोकणी माणूस एक वेळ दिवाळी चुकवील, शिमग्याला मुंबई सोडून घरी येतो. त्या शिमग्याला पालखी दारोदार फिरली असेल तेव्हा किती घरांत एका नावाचं गाऱ्हाणं वाढीव घातलं गेलं असेल, ते कुठल्या दप्तरात नाही. साताऱ्याकडच्या अनेक गावांत भिंतीला एक इंग्रजी पाटी असते: या गावातून इतके लढाईला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत. पत्रं नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात जागेची पंचाईत झाली. विमानात बॉम्ब न्यायचे की टपाल? 1941 मध्ये इंग्रजांनी ‘एअरग्राफ’ काढला, पुढच्या वर्षी अमेरिकेनं ‘व्ही-मेल’. ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानानं न्यायची, पलीकडे छापून वाटायची. अमेरिकन हिशेबात 37 पोती टपाल एका पोत्यात बसे. नाताळसाठी खास चित्रांचे फॉर्म निघत. वाळवंटात पामच्या झाडाला लावलेले दिवे आणि उंटावर बसलेला सांताक्लॉज वगैरे. घरी पोचायचा तो तळहाताएवढा कपटा. कधी कधी भिंगातून वाचावा लागे, पण निदान अक्षर ज्याचं त्याचं असे. फिल्मवर सगळं बारीक होतं, अक्षराची खोड मात्र जात नाही. ज्या कुणाला ही कल्पना सुचली त्याचा हेतू वजन वाचवायचा होता, पण त्यानं नकळत बायकांवर आणि आयांवर मोठे उपकार केले. तेच पत्र टाइप करून पाठवलं असतं तर आणखी हलकं झालं असतं, असं कुणा कारकुनानं सुचवलं नाही ही देवाचीच कृपा.

आत्याकडे परत येतो. तिनं कुणाला सांगितलं नाही. सासरी सांगावं तर ‘झालं, हिचं सुरू’ म्हणतील. माहेरी सांगावं तर आजी अंथरूण धरील. तिनं एक पोस्टकार्ड घेतलं आणि छप्पनला टाकलं. ते कार्ड अण्णा गेल्यावर त्यांच्या काळ्या ट्रंकेत सापडलं. अण्णांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली ती ट्रंक, आत डांबराच्या गोळ्या, दोन मेडलं आणि रबरानं बांधलेली पत्रं. कार्डावर वर मायना पुरा, साष्टांगाऐवजी आशीर्वाद, कारण ती थोरली. मग: ‘मनीऑर्डर पोचली. इकडील सर्व खुशाल आहे. म्हैस व्याली. कार्डाचं उत्तर स्वतः लिही.’

एवढंच. ‘स्वतः’ या शब्दाखाली रेघ आहे, टाकानं दोनदा ओढलेली.

उत्तर आलं ते संक्रांतीला. तेही आत्याच्या पोथीत आहे, मी पाहिलंय. लिफाफ्यात होतं, कारण आत कागदाची पुडी होती. तीळ कुठून आणणार, म्हणून लंगरमधली चिमूटभर साखर पुडीत बांधून पाठवलेली. पंजाबच्या थंडीतून साताऱ्यापर्यंत येता येता साखरेला पाणी सुटलं आणि पत्राच्या मधोमध एक तपकिरी डाग पडला, अजून आहे. डागाभोवती अक्षरं: मोठी, थरथरीत, पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी, ओळ चढणीला लागलेली. तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि खाली ‘मी रवुशाल आहे.’ र आणि व यांच्यामधून आता मुंगी काय, बैलगाडी गेली असती.

आत्या म्हणते, त्या दिवशी ती पत्र घेऊन परड्यात गेली आणि हसत सुटली. सासूबाईंना वाटलं, सुनेला काहीतरी झालं. साखर तिनं डागासकट चाटली की काय ते मी विचारलेलं नाही.

काय झालं होतं ते अण्णांनी पत्रात लिहिलं नाही. पाडव्याला ते सुट्टीवर आले तेव्हा उघड झालं. ऑक्टोबरातल्या एका रात्री, अंधारात माल उतरवताना, ट्रकचा फाळका सुटला आणि उजव्या हाताची दोन बोटं सापडली. एका बोटाचं नख गेलं ते परत आलंच नाही. मनीऑर्डर पाठवायची तर फॉर्म भरायला हवा, बोटांना ही भलीमोठी पट्टी. रांगेत पुढे कोल्हापूरकडचा एक जण होता, त्यानं लिहून दिलं. त्याचा ख चांगला होता. ‘एवढंच? मग कळवलं का नाहीस?’ आत्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, ‘काय कळवू? लढाईत आहे आणि बोट फाळक्यात सापडलं? गावात तोंड दाखवता आलं नसतं.’

मग तिनं पाट मांडला आणि चैत्रात भाऊबीज केली. ओवाळणी पुन्हा घेतली, हेही ती सांगते. आधीचे अकरा त्या कोल्हापूरवाल्याचे, म्हणाली.

आता आत्याचा नातू फौजेत आहे, सिग्नलमध्ये. कुठे आहे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. यंदा दिवाळीत त्याचा पहिला निरोप आला तो सगळ्यांना आला तसलाच: पणती, कमळ, सोनेरी अक्षरात शुभ दीपावली. सुनेनं फोन आत्यासमोर धरला. आत्यानं चष्मा लावून ती पणती बराच वेळ पाहिली, आणि ‘छान आहे’ म्हणून फोन परत दिला. भाऊबीजेच्या संध्याकाळी मात्र त्याला रेंज मिळाली. पडद्यावर तो दिसला, कानटोपी घातलेला, मागे पत्र्याची भिंत, चित्र मधेच थिजायचं. सगळे एकदम बोलायला लागले. फराळ पोचला का, थंडी किती आहे, दाढी का वाढवलीस. ‘मस्त आहे, एकदम मस्त,’ तो म्हणत होता. आत्यानं सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि फोन तोंडाजवळ ओढून घेतला.

‘हात दाखव,’ ती म्हणाली.

‘काय आजी?’

‘दोन्ही हात दाखव बघू. मोजे काढ.’

तो हसला, दातांनी एक मोजा ओढला, मग दुसरा, आणि दोन्ही पंजे पडद्याला लावले. आत्या बोटं मोजायला लागली.